साखरेवरचा पंजा

अहो, तुम्ही गेल्यापासून लोक तुमच्याविषयी इतकं चांगलं बोलायला लागलेत की मला संशयच यायला लागलाय. तुमच्या दुकानासमोरून जाताना ज्यांनी कधी मान वर केली नाही, तेसुद्धा येऊन डोळे पुसून गेले. देवमाणूस होता म्हणे. तुम्ही देवमाणूस नव्हता. मानवतच्या मोंढ्यामागे पाण्याच्या जळालेल्या मोटारी दुरुस्त करणारे, गोड खाऊ नका म्हटलं की हमखास खाणारे आणि सरळ प्रश्नाला कधी सरळ उत्तर न देणारे गृहस्थ होता. हे मी तुमच्या तोंडावर म्हणत आले, आता मागे म्हणते आहे.

तेराव्याला ताडकळसच्या वन्सं आल्या होत्या. तुमच्या फोटोसमोर बसून रडल्या, मग चहा घेतला आणि माझा हात हातात घेऊन म्हणाल्या, "वैनी, दादानं तुला लय फिरवलं बाई. आपल्या खानदानात कोण गेलंय असं परदेशात, ते बी मोटारसायकलवर. तू नशिबाची हाईस."

त्यांच्या मनात काही वाईट नव्हतं, हे मला कळतं. पण मला ते असं झोंबलं की हात सोडवून मी आत निघून गेले. तुम्ही मला फिरवलंत? मी फिरायला जात होते? नेपाळच्या डोंगरात डोळ्यांच्या शिबिरात मी कोठी सांभाळली. गहू, तांदूळ, तेल, साखर, सगळ्याच्या चाव्या माझ्या कमरेला. मी नसले तर तिथं सगळं उधळून जाईल म्हणून मला बोलावणं यायचं, आणि मी जात होते. तुम्ही फक्त गाडी चालवायचात. असं मी इतकी वर्षं धरून चालले होते. आणि वन्सं तेवढं एक वाक्य बोलून ताडकळसच्या एसटीत बसल्या, तेव्हापासून माझ्या मनात पाल चुकचुकते आहे.

तिथं खरंच कुणाला माझी गरज होती का? की तुम्ही सगळे मिळून माझी समजूत काढत होता?

हे तुम्हाला विचारायचं होतं. विचारलं असतं तर तुम्ही काय केलं असतं तेही मला ठाऊक आहे. डोक्यावरची टोपी मागे सरकवून म्हणाला असता, "रेक्टरबाई, चहा टाकायलीस का?"

मी मुळातच संशयी, असं तुम्ही चारचौघांत सांगायचात. होतेच. मुलींच्या वसतिगृहात रेक्टर म्हणून सगळी नोकरी झाली. तिथं संशय घेतला नसता तर पोरींच्या ताटात पाणीच पडलं असतं. आणि हे मला वडिलांकडून आलं. राणीसावरगावला खळ्यावर ज्वारीची रास पडली की झोपण्याआधी वडील तिच्यावर हात फिरवून ती सारखी करायचे आणि राखेनं माखलेला पंजा उमटवायचे. रात्रीतून कुणी पसाभर जरी उचललं तरी सकाळी पंजा मोडलेला दिसायचा. मी तेच वसतिगृहाच्या कोठीत केलं. संध्याकाळी साखर सारखी करायची, पीठ सारखं करायचं आणि वर हात दाबून कुलूप लावायचं. वही-पेन्सिल लागत नाही, कुणावर आवाज चढवावा लागत नाही. आपल्या हाताचा ठसा कुणी मोडला की आपल्याला कळतंच.

तुम्हाला फिरायची हौस लग्नापासूनची. नकाशा भिंतीला लावून रात्रंदिवस त्याच्याकडे बघत बसायचात. मी मात्र अडून बसले होते. माझे चुलतभाऊ दरसाल बायकापोरं घेऊन ऊसतोडीला जायचे, आणि आपण मौज म्हणून देश बघत हिंडायचं, हे मला गिळवत नव्हतं. काम असेल तर मी कुठंही येईन, नुसतं बघायला येणार नाही, असं मी तुम्हाला सांगून टाकलं होतं. मग परभणीच्या डॉक्टरसाहेबांनी तुम्हाला विचारलं की नेपाळात शिबिर आहे, जनरेटर आणि वायरिंग बघायला माणूस पाहिजे, आणि स्वयंपाकघरावर नजर ठेवायला कुणी असेल तर बरं. मी लगेच हो म्हटलं. तुम्ही इतके हसलात की तेव्हाच मला संशय यायला हवा होता.

नागपूर, जबलपूर, गोरखपूर करत आपण गेलो. दोन्ही बाजूंना रेक्झिनच्या पिशव्या, मध्ये मी. तुमच्या उजव्या खांद्यावर एक थाप म्हणजे चहा, दोन थापा म्हणजे थांबा, पाय मेले. हेल्मेटमध्ये तुम्ही बेसूर गात असायचात आणि तुम्हाला वाटायचं मागे ऐकू येत नाही. सरहद्दीवर गाडीचे कागद दाखवायला तुम्ही आत गेलात तेव्हा मी गाडीला टेकून उभी होते, आणि पिशव्यांकडे बघणाऱ्या प्रत्येक माणसाकडे बघत होते. त्या शिबिरात मला मनमाया भेटली. तिथली स्वयंपाकीण, बारीक चणीची, नवरा नसलेली, दोन माणसांचं काम एकटी ओढणारी. मला आमा म्हणायची, म्हणजे आई. ती शिजवायची, मी मोजून काढून द्यायची. डोळ्याला पट्टी बांधलेली म्हातारी माणसं ओळीनं बसून जेवायची आणि तुम्ही त्यांच्या हाताला धरून वाटीपर्यंत नेऊन द्यायचात. तेवढं सुख मला कधी झालं नव्हतं, हे मी तेव्हा बोलले नाही. आता बोलते.

पुढच्या वर्षी श्रीलंकेला गेलो. विमानानं, आणि तिथं भाड्याची मोटारसायकल. तिथल्या शाळेच्या शिबिरात स्वयंपाकघराला त्यांची माणसं होती. मला खुर्ची दिली, शहाळं दिलं आणि तुम्ही पाहुण्या आहात, बसा म्हणाले. मी बसले. तुम्ही कामं उरकून मला समुद्राच्या कडेकडेनं हिंडवलंत आणि मी एकदाही समुद्राकडे धड पाहिलं नाही. परत येताना सांगितलं की आता बस, मी कुणाच्या गळ्यातलं लोढणं व्हायला येणार नाही. घरी आल्यावर भिंतीवरचा नकाशा काढून गुंडाळून ठेवलात.

आणि मग मनमायाचा फोन आला. आमा, यंदा साखर गायब होतेय, तेल कमी भरतंय, कुणाचं लक्ष नाही, तुम्ही या. मी त्याच संध्याकाळी पिशव्या काढल्या. त्यानंतर दरवर्षी तो फोन आला. एकदा त्याच मंडळींच्या भूतानच्या शिबिरासाठी, बाकी नेपाळच्या वेगवेगळ्या खोऱ्यांसाठी. दरवर्षी साखरच. तांदूळ चोरणारा एकही चोर त्या देशात जन्माला आला नाही का, असं मी एकदा तुम्हाला विचारलं होतं. तुम्ही स्पार्क प्लग पुसत होता. अजून पुसायला लागलात.

हे मी आता एकेक करून जुळवते आहे. जुळवण्याशिवाय मला दुसरं काम काय आहे सध्या.

पहिली गोष्ट, त्या फोननंतर आपण पोचलो तेव्हा कोठीत सगळं जागच्या जागी होतं. मी मनमायाला तोंडावर विचारलं की सगळं तर आहे, मग मला कशाला बोलावलंस? ती तुमच्याकडे बघायला लागली. दुसऱ्या दिवशी मात्र साखरेवरचा माझा पंजा मोडलेला होता. मी शिबिरात पाणी भरणाऱ्या पाणक्याकडे नुसतं बघितलं, तर तो बिचारा दिवसभर माझ्यापासून लपत राहिला. त्यानंतरच्या वर्षी पंजा मोडलेला नव्हता, तर नवा होता. साखर कुणीतरी खालून काढली होती, वर सारखी केली होती आणि स्वतःचा हात दाबला होता. मोठा हात, आणि करंगळीशेजारचं बोट अर्धं.

मानवत तालुक्यात पंख्याच्या पट्ट्यात तसं बोट अर्धं करून घेतलेला माणूस मला एकच माहीत होता.

परतीच्या वाटेवर ढाब्यावर मी विषय काढला. तुम्हाला साखरेचा आजार, डॉक्टरांनी चहासुद्धा बिनसाखरेचा सांगितलेला, आणि तुम्ही रोग्यांच्या वाट्याची साखर खाता? तुम्ही रोटीचा तुकडा हातात धरून म्हणालात, "मी काय चोरी करायलोय का? तुला कशाचा बी संशय येतो." मी म्हटलं, "बोट तुमचंच हाय. बोटाला तर खोटं बोलता येत न्हाई." तुम्ही जबलपूरपर्यंत गायला नाहीत. ते भांडण तसंच राहिलं. दरवर्षी साखरेवर तुमचा हात उमटायचा, दरवर्षी मी परतीच्या वाटेवर विचारायची आणि दरवर्षी तुम्ही गप्प. एवढा बेइमान नवरा कुणाला मिळाला नसेल, असं मी मुलीला फोनवर सांगितलं होतं. ती हसली. तिलाही काही माहीत होतं की काय, कोण जाणे.

दुसरी गोष्ट हातमोजा. शिबिर उठलं, निरोप झाला, खाली रस्त्यावरच्या टपरीपर्यंत आलो की तुम्ही गाडी थांबवायचात. हातमोजा वर राहिला गं, तू चहा घे, मी आलोच. कुठलंच वर्ष त्याला अपवाद नाही. मला आधी तंबाखू वाटली, कारण मुलीच्या डोक्यावर हात ठेवून तुम्ही ती सोडली होती. परत आलात की मी जवळ येऊन वास घ्यायची. वास नसायचा. मग, खरं सांगते, मला मनमायाचाही संशय आला. तुम्ही माझ्याहून हसतमुख, ती बिचारी एकटी. तो संशय मी फार दिवस पोसला नाही, पण पोसला. आणि एका वर्षी थंडीनं माझे हात आखडले म्हणून तुम्ही सकाळीच तुमचे मोजे माझ्या हातात चढवले होते. तरी टपरीवर थांबून म्हणालात, हातमोजा राहिला गं. मी माझ्या दोन्ही हातांकडे बघितलं. दोन्ही मोजे तिथंच होते. तुम्हाला कधीतरी रंगेहाथ पकडायचं म्हणून राखून ठेवलं होतं. आता बघा कुणाला पकडायचं ते.

गेल्या वर्षी तुम्हाला नेहमीसारखं पायी वर जायला आणि यायला फार वेळ लागला. चढ आहे म्हणालात. चढ तर दरवर्षीच होता. उतरून आलात तेव्हा ओठ काळसर झाले होते आणि तुम्ही गाडीला किक मारायच्या आधी बराच वेळ हँडल धरून नुसते उभे होता. मी खांद्यावर दोन थापा मारल्या. पाय मेले नव्हते माझे. तुम्ही बसावं म्हणून मारल्या. तुम्ही म्हणालात, आत्ता तर निघालो. छातीचं तुम्ही कुणालाच सांगितलं नाहीत. याचा मला राग आहे आणि तो जाणार नाही. इतक्या फालतू गोष्टींवर मी संशय घेत बसले, आणि जिथं घ्यायला हवा होता तिथं तुम्ही मला घेऊ दिला नाहीत.

काल दुपारी मनमायाचा फोन आला. तिला उशिरा कळलं होतं. बाबा, बाबा म्हणून रडली. मीही रडले. पण रडता रडता मी ठरवलं की आज सोडायचं नाही. आपल्या मोडक्यातोडक्या हिंदीत मी तिला विचारलं की बाबा दरवर्षी हातमोजा घ्यायला वर यायचे, ते काय करायचे? खरं सांग. मला आता कशाचंच वाईट वाटणार नाही.

ती हसली, रडण्यातच. हातमोजा तर त्यांच्या खिशातून लोंबत असायचा, म्हणाली. ते साखर परत द्यायला यायचे.

आणि मग तिनं सगळं सांगितलं. श्रीलंकेहून आल्यावर तुम्ही तिला फोन केला होता. आमा फिरायला येत नाही, कामाला येते, तर काम आहे असं सांग, म्हणालात. साखर जातेय म्हण, ती धावत येईल. आपण पोचलो आणि मी सगळा साठा बघून, मला कशाला बोलावलं म्हणून विचारलं, तेव्हा तुमची पाचावर धारण बसली. म्हणून मी झोपले की माझ्या चाव्या घेऊन तुम्ही रात्री साखर काढून गमछ्यात बांधून जनरेटरच्या खोलीत लपवायचात. पाणक्यावर माझी नजर गेली तेव्हा तुम्हाला फार लागलं, म्हणून पुढच्या वर्षीपासून स्वतःचा हात दाबून ठेवायला लागलात, दुसऱ्या कुणावर बालंट नको. आणि निघताना मला टपरीवर बसवून गमछ्यातली साखर परत नेऊन द्यायचात. चिमूटभरसुद्धा कमी नसायची, म्हणाली ती. त्यातली एक बोटभरसुद्धा कधी तोंडात टाकली नाहीत.

मी ढाब्यावर तुम्हाला चोर म्हणत होते आणि तुम्ही रोटी चावत होता. एकदा तरी तोंड उघडायचं होतं. पण उघडलं असतं तर पुढच्या वर्षी मी आले नसते, हे तुम्हाला पक्कं माहीत होतं.

म्हणजे वन्संचंच खरं, असं मला वाटलं. तुम्ही मला फिरवलंत. माझ्या चाव्या, माझी कोठी, माझा पंजा, सगळा तुमचा खेळ. मला त्या फोनवरच इतकं रिकामं वाटलं की मी ठेवते म्हणून तिला सांगितलं. तिनं ठेवू दिला नाही.

गेल्या वर्षी बाबा वर आले तेव्हा बसून राहिले, म्हणाली. पाणी मागितलं. मग म्हणाले की पुढच्या साली आमाला फोन करू नकोस. मला आता इतकी गाडी चालवता येणार नाही, आणि तू बोलावलंस तर ती थांबणार नाही. मी त्यांना हो म्हटलं होतं, आमा. पण मी फोन करते आहे.

मी विचारलं, साखर जातेय का?

"नहीं आमा," ती म्हणाली. "चीनी कहीं नहीं जा रही. बाबा ने मना किया था, फिर भी बुला रही हूँ. आप आओ."

अहो, इतक्या वर्षांत तुम्ही न सांगता आलेलं हे पहिलं बोलावणं. तुम्ही नको म्हटलेलं. तिथं माझी गरज आहे की नाही ते मला ठाऊक नाही, पण कुणाला तरी मी हवी आहे, आणि ते तुम्ही शिकवून ठेवलेलं नाही. फोन ठेवला आणि मी पोटभर रडले. तेराव्यालासुद्धा अशी रडले नव्हते.

नंतर लगेच संशय आलाच. तुम्ही मला ओळखून होता. एखादी गोष्ट नको म्हटली की मी ती करते, हेही तुम्हाला माहीत होतं. मनमायाला नको म्हणून सांगितलंत ते खरंच नको म्हणून, की मी एकटी राहिले तर घरात बसून राहू नये म्हणून? तुम्ही असं करू शकता. तुमच्यावर भरवसा ठेवायला मला अजून जड जातं.

मुलीला सांगितलं की मानवत रोडवरून गाडीचं बघ, मी जाणार आहे. ती म्हणाली, आई, एकटी? मी म्हटलं, मोटारसायकलवर न्हाई जायले, रेल्वेनं जायले. तुमची गाडी दुकानात उभी आहे. मोजे हँडलवर होते, ते मी पिशवीत टाकले.

एक सांगायचं राहिलं. आपल्या घरच्या साखरेच्या डब्यातही मी पंजा उमटवायची, तुमच्यामुळे. रोज सकाळी तो मोडलेला असायचा आणि रोज सकाळी आपली जुंपायची. म्हणजे शिबिरात बोट न लावणारा माणूस घरी मात्र बिनदिक्कत खात होता, हेही मी विसरलेले नाही. तुम्ही गेल्यावरही सवयीनं मी संध्याकाळी साखर सारखी करून हात दाबत राहिले. सकाळी डबा उघडते, पंजा तसाच. एक कणसुद्धा हललेला नसतो. तुम्ही घरात नाही, हे मला तुमच्या फोटोवरून कळलं नाही, हाराच्या वासावरून कळलं नाही. त्या डब्यावरून कळलं.

आज सकाळीही पंजा तसाच होता. मी बराच वेळ त्याच्याकडे बघत उभी राहिले. मग तो मोडला. दोन चमचे साखर काढली, तुमच्यासारखा गोडमिट्ट चहा केला आणि उभ्या उभ्या प्याले. साखर पुन्हा सारखी केली. करंगळीशेजारचं बोट अर्ध्यात दुमडून वर हात दाबला आणि झाकण लावलं.

आता तुम्ही सांगा, साखर कुणी नेली.